जुनी बोर्दो कशी उघडावी, चाखावी आणि पारखावी

बोर्दो म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो भागातली वाईन; इथे तिच्यातली रेड. वीस-पंचवीस वर्षं सांभाळलेल्या तिच्या बऱ्याच बाटल्यांचं नुकसान शेवटच्या दोन दिवसांत होतं. आडवी ठेवलेली बाटली तशीच उचलून उघडली जाते, तळाचा साका ढवळतो, जुनं बूच मधोमध तुटतं आणि वाईन तीस अंश तापमानाला ग्लासात येते. मग पहिल्या घोटाला ती कडवट आणि दारूसारखी झोंबणारी लागली, की 'फ्रेंच वाईनचं उगाच कौतुक' असा निकाल दिला जातो. म्हणून या लेखात चाखण्याइतकीच जागा तयारीलाही दिली आहे.

उदाहरण म्हणून मेदॉकची बाटली घेऊ. बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर हा पट्टा आहे. पोयाक, मार्गो, सँ-ज्युलियाँ, सँ-एस्तेफ ही गावं याच पट्ट्यातली. इथल्या खडीच्या जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्याँ ही द्राक्षाची जात चांगली पिकते. तिच्या जोडीला मर्लो आणि थोडी कॅबर्ने फ्राँ किंवा पती व्हर्दो असते. कॅबर्नेची साल जाड आणि मणी लहान, त्यामुळे रसात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर उतरतं. या वाईन दशकानुदशकं टिकण्यामागे हे टॅनिन आणि आम्लता आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेली पाच पायऱ्यांची प्रतवारी आजही लेबलांवर दिसते. तिच्या पहिल्या पायरीत झालेला बदल एकच: १९७३ मध्ये मूताँ रोथशिल्डला बढती मिळाली. मात्र प्रतवारी शातोची, म्हणजे वाईन बनवणाऱ्या मळ्याची, आहे, तुमच्या हातातल्या बाटलीची नव्हे. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या पंचवीस वर्षांनी वेगळ्या निघू शकतात, कारण बूच नैसर्गिक असतं आणि प्रत्येक बूच सारखीच हवा आत सोडत नाही.

बाटली बाहेरून वाचणं

आधी लेबलावरचं साल, म्हणजे द्राक्षं खुडल्याचं वर्ष, पाहा. १९८२, १९९०, २०००, २००५, २००९, २०१० ही बोर्दोची नावाजलेली सालं. १९९६ डाव्या काठाला फार चांगलं गेलं, तर १९९८ उजव्या काठाला, म्हणजे पोमरॉल आणि सँतेमिलियाँला, कारण तिथली मर्लो पाऊस यायच्या आधी खुडून झाली होती. १९९७ किंवा २०१३ सारख्या हलक्या सालांच्या वाईन लवकर पिकतात, त्यांना फार थांबवण्यात अर्थ नाही.

मग बाटली उजेडासमोर धरून आतली पातळी पाहा. बोर्दोच्या बाटलीला स्पष्ट खांदे असतात आणि पातळी त्यांवरूनच सांगतात. वीस-तीस वर्षांच्या बाटलीत वाईन मानेच्या तळापर्यंत किंवा खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत असेल तर उत्तम. पातळी खांद्याच्या मध्यावर आली असेल तर आत हवा बरीच गेली आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या बाटलीत ते एक वेळ चालतं, पंचवीस वर्षांच्या बाटलीत ती शंकेची खूण आहे. मध्याच्याही खाली असेल तर पैसे मोजून घेऊ नका.

बूच काठाच्या वर आलेलं, कॅप्सूलखाली, म्हणजे बुचावरच्या आवरणाखाली, चिकट ओघळ सुकलेला, ही उष्णता लागल्याची चिन्हं. तापलेली वाईन फुगते आणि बूच ढकलते. जहाजाच्या कंटेनरमध्ये किंवा आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेल्या बाटलीचं हेच होतं. वाईनची खरी जागा १२ ते १४ अंश सेल्सिअसला, अंधारात, साधारण सत्तर टक्के आर्द्रतेत आणि आडवी. मुंबई-पुण्यात माळ्यावर किंवा कपाटात दहा वर्षं ठेवलेली बाटली जुनी होते, पण पिकत नाही. फार महागड्या जुन्या बाटल्यांच्या बनावटीही होतात. अमेरिकेत रूडी कुर्नियावानला २०१३ मध्ये याच गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं गेलं. त्यामुळे लिलावातली किंवा खासगी विक्रीतली बाटली ती आजवर कुठे होती याच्या कागदांशिवाय घेऊ नये.

दोन दिवस आधी

बाटली ४८ तास उभी ठेवा, निदान २४ तास तरी. आडव्या बाटलीच्या कडेला बसलेला साका हळूहळू सरकत बुडाशी येतो. साका म्हणजे एकमेकांना चिकटून जड झालेलं टॅनिन, रंगद्रव्यं आणि टार्टारचे बारीक खडे. तो अपायकारक नाही, पण ग्लासात आला तर जिभेवर रवाळ आणि कडू लागतो, आणि मग वाईनच कडू आहे असं वाटतं. विमानाने किंवा गाडीने आलेल्या बाटलीला निदान दोन आठवडे शांत राहू द्या, कारण बारीक साका खाली बसायला तेवढा वेळ लागतो.

चाखण्याच्या दिवशी खोलीत उदबत्ती नको, स्वयंपाकघरातली फोडणी नको, कुणाच्या केसात मोगऱ्याचा गजरा नको, अत्तर तर नकोच. त्याआधी तासभर चहा, पान, बडीशेप, टूथपेस्ट टाळा. पिकलेल्या वाईनचा दरवळ नाजूक असतो, आणि फोडणीच्या हिंगापुढे तो टिकत नाही.

ग्लास घंटेच्या आकाराचा, वरती निमुळता आणि पातळ काठाचा घ्या, साधारण ४५० ते ६०० मिलीचा. ओतायच्या आधी रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. कपाटातल्या लाकडाचा, पुठ्ठ्याच्या खोक्याचा किंवा साबणाचा वास हमखास सापडतो, आणि पुढे तोच वाईनच्या माथी मारला जातो. गरम पाण्याने खळबळून, स्वच्छ सुती कापडाने पुसून ग्लास उघड्यावर सुकवा.

तापमानाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी' हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा, जिथे खोली १६ ते १८ अंशांची असे. आपल्या खोलीत २८ ते ३२ अंश असतात. त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात आधी शिरतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. बोर्दो १६ अंशांवर ओता. ग्लासात ती बघता बघता १८ वर जाते. बाटली फ्रिजच्या खणात उभीच ठेवा. दारात ठेवलीत तर दार उघडताना हिंदकळेल. किती वेळ ठेवायची ते बाटली आणि फ्रिजवर अवलंबून आहे, म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळ असू द्या. उलट फार थंड, बारा अंशांच्या आसपास, झाली तर टॅनिन कडक लागतं आणि वास मिटून जातो.

बूच काढणं

हा भाग घाईने करू नका. कॅप्सूल काठाच्या खाली कापून पूर्ण वेगळी करा. १९९० च्या आधीच्या बाटल्यांवरच्या कॅप्सूल बहुधा शिशाच्या असतात, म्हणून काठ ओल्या फडक्याने नीट पुसा. बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी असली तर घाबरू नका, ती दमट तळघराची खूण आहे. तीही पुसून टाका.

चांगल्या शातोंची बुचं ५० मिलीमीटरच्या आसपास लांब असतात. वीस वर्षांनी त्यांचा खालचा भाग भिजून मऊ झालेला असतो आणि वरचा कोरडा. साधा आखूड स्क्रू अर्ध्यातच थांबतो आणि ओढताना बूच तिथेच तुटतं. अशा बाटलीसाठी दोन पात्यांचा चिमटा वापरतात, त्याला 'आ-सो' म्हणतात. लांब पातं आधी बूच आणि काचेच्या मध्ये सरकवा, मग आखूड. आलटून पालटून दाबत दोन्ही पूर्ण आत गेली की मूठ फिरवत फिरवत वर ओढा. एकच धोका: बूच आधीच सैल असेल तर पाती त्याला आत ढकलतात. अशा वेळी लांब स्क्रू मधोमध सरळ उतरवा आणि बाटली न हलवता सावकाश ओढा. 'द ड्युरँड' नावाच्या साधनात स्क्रू आणि पाती दोन्ही असतात. महाग आहे, पण जुन्या बाटल्या वारंवार उघडणाऱ्यांनी घ्यावं.

बूच तुटलं तर उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घालून पुन्हा प्रयत्न करा. आत पडलंच तर गरम पाण्यात धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीतून वाईन गाळा. चवीचं फारसं काही बिघडत नाही.

डिकँटरमध्ये ओतणं

डिकँटर म्हणजे वाईन ओतून घ्यायचं काचेचं भांडं. त्यात ओतण्यामागे दोन वेगळी कामं आहेत आणि नवशिके ती एकच समजतात. एक म्हणजे साका वेगळा करणं, दुसरं म्हणजे वाईनला हवा देणं. तरुण, कडक वाईनला दोन-तीन तास हवा हवीशी असते. पंचवीस वर्षांच्या वाईनला फक्त साक्यापासून सोडवायचं असतं. ते काम प्यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं करा. चाळीस वर्षांपुढच्या बाटलीला किंवा जुन्या बर्गंडीला (फ्रान्सच्याच दुसऱ्या भागातल्या वाईनला) तेवढंही जास्त होतं. ती थेट बाटलीतून, हात स्थिर ठेवून ओतावी.

मेणबत्ती किंवा मोबाईलचा टॉर्च बाटलीच्या मानेमागे ठेवा. अरुंद बुडाचा डिकँटर घ्या. बाटली सावकाश तिरकी करा आणि एकदा धार सुरू झाली की थांबू नका. मध्ये बाटली उभी केलीत तर आतली वाईन मागे हेलकावते आणि साका वर येतो. सुरुवातीची दोन-तृतीयांश वाईन स्वच्छ येते. मग खांद्यापाशी धुरासारखी रेघ सरकताना दिसेल. ती मानेत शिरण्याआधी हात थांबवा. तळाला ३० ते ५० मिली राहील, त्याचा मोह धरू नका.

साधारण ७०० मिली हाताशी उरते. नुसती चव घ्यायची तर प्रत्येकी ५० मिलीप्रमाणे चौदा जणांना पुरेल. पण जुनी वाईन तासभर बदलत राहते आणि तो बदल पाहणं हाच तिचा अर्धा आनंद आहे. म्हणून आमच्या मते सात जण आणि प्रत्येकी ९०-१०० मिली हे बरं.

डोळ्यांनी

ग्लास पांढऱ्या कागदावर ४५ अंशात तिरका धरा. मधला गडद भाग पाहा, मग काठाकडे रंग कसा पातळ होत जातो ते पाहा. तरुण कॅबर्ने काठापर्यंत जांभळी असते, हात रंगवणाऱ्या पिकल्या जांभळासारखी. नाशिकची नवी कॅबर्ने किंवा शिराझ शेजारी ओतून ठेवली तर हा फरक क्षणात समजतो. पंचवीस वर्षांची चांगली पोयाक मध्यभागी डाळिंबी, काठाला विटेसारखी नारिंगी दिसते. हे म्हातारपण नव्हे, पिकणं आहे. सगळी वाईन काळ्या चहासारखी तपकिरी झाली असेल तर मात्र हवा लागलेली आहे. आणि लेबलावर १९८६ असून रंग झगझगीत जांभळा असेल तर लेबलावरच शंका घ्या.

काचेवरून उतरणारे ओघळ पाहून 'काय दर्जा आहे' म्हणणारे भेटतील. ते ओघळ मुख्यतः अल्कोहोलमुळे बनतात, त्यांवरून दर्जा कळत नाही.

नाकाने

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिला वास ग्लास न हलवता घ्या. प्रश्न एकच: वाईन निरोगी आहे का?

कुबट वास, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा किंवा ओल्या गोणपाटासारखा, असेल तर तो बुचाचा दोष. टीसीए नावाचं रसायन लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाईन मारतं. सौम्य प्रमाणात असेल तर कुबट वास नीट येत नाही, फळाचा वास मात्र गायब होतो, आणि हा प्रकार ओळखायला सर्वात अवघड. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा किंवा व्हिनेगरचा वास म्हणजे उडणारी आम्लता वाढलेली. कापून काळं पडलेलं सफरचंद म्हणजे ऑक्सिडेशन. जास्त शिजलेल्या मुरांब्यासारखा वास म्हणजे उष्णता. घोड्याचा तबेला किंवा औषधी बँडेजपट्टी म्हणजे ब्रेटानोमायसिस हे यीस्ट. जुन्या बोर्दोत त्याची हलकी छटा अनेकांना आवडते, पण तिने फळ झाकलं की तो दोषच.

आता एक महत्त्वाचा भेद. बाटली उघडल्याबरोबर येणारा कोंदट वास, विझलेल्या काडीसारखा किंवा बंद खोलीसारखा, पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटांत उडून जातो. टीसीएचा वास जात नाही, उलट हवेत जास्त जाणवतो. त्यामुळे पहिल्या मिनिटाला वाईन ओतून देऊ नका. पंधरा मिनिटं ग्लास बाजूला ठेवा आणि पुन्हा नाक लावा.

मग ग्लास टेबलावरच धरून दोन-तीन वेळा गोल फिरवा आणि लहान लहान हुंगे घ्या. लांब श्वास घेतला की नाक थकतं. थकलंच तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा ताळ्यावर येतं.

वास तीन थरांत शोधा. पहिला फळांचा. पुस्तकातला ब्लॅककरंट आपल्यातल्या बहुतेकांनी खाल्लेला नसतो. जांभूळ, करवंद, तुती आठवा, पुरेसं जवळ जाता. जुन्या वाईनमध्ये हे फळ ताजं नसतं, सुकलेलं असतं: मनुका, सुकं अंजीर, खारीक. दुसरा थर ओक पिंपांचा. बोर्दोची पारंपरिक पिंपं २२५ लिटरची. त्यांतून व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या लाकडाच्या छटा येतात आणि वयानुसार मुरतात. तिसरा थर बाटलीतल्या वर्षांचा, आणि तुम्ही पैसे मोजलेत ते यासाठी: पेन्सिलीला टोक काढल्यावर येणारा देवदाराचा वास, तंबाखूची पानं, जुन्या चपलेचं नव्हे तर चांगल्या कमावलेल्या चामड्याचं ऊबदार गंधवलय, अळंबी, पहिल्या पावसानंतरचा ओला पाचोळा. पोयाकमध्ये पेन्सिल आणि देवदार विशेष सापडतात. थोडी ढोबळी मिरची जाणवली तर ती कॅबर्नेचीच खूण, पण ती फार पुढे असेल तर त्या वर्षी द्राक्षं पूर्ण पिकली नव्हती.

जिभेने

दहा-पंधरा मिलीचा घोट घ्या. आठ-दहा सेकंद तोंडात सगळीकडे, हिरड्यांपर्यंत, फिरवा. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, म्हणजे वास घशामागून नाकात चढतो. मग गिळा किंवा तस्तात थुंका. एकाच वेळी तीन-चार बाटल्या असतील तर थुंकाच, नाहीतर शेवटच्या बाटलीचा निकाल पहिल्या तिघींनी दिलेला असेल.

तुरटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आत जाणवतो. आंबटपणाने जिभेच्या कडांना पाणी सुटतं. अल्कोहोल घशात ऊब देतो. हे तीन वेगळे ओळखता येत नसतील तर घरी एक सराव करा. कोरा चहा तीन कपांत एक, पाच आणि दहा मिनिटं मुरवा आणि साखर न घालता प्या. जो बदलत गेला तो टॅनिनचा तुरटपणा. पाण्यात लिंबू पिळून घेतलं की आंबटपणा वेगळा कळतो.

टॅनिनचं प्रमाण आणि त्याचा पोत या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. तरुण बोर्दोत टॅनिन कच्च्या केळ्याच्या सालीसारखं ओढतं. वर्षं जातात तसे त्याचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, काही साक्यात बसतात. उरलेलं मऊ लागतं, धुतलेल्या जुन्या रेशमासारखं. आम्लता मात्र वयाबरोबर फारशी कमी होत नाही. म्हणूनच फळ ओसरलं की आंबटपणा एकटा उघडा पडतो, आणि वाईन उतरणीला लागल्याचं हे सर्वात खात्रीचं लक्षण आहे. फळ गेलं पण टॅनिन अजून खरखरीत, असंही होतं. अशी वाईन आणखी दहा वर्षं ठेवली तरी सुधारत नाही.

घोट संपल्यावर घड्याळ पाहा. चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा. फ्रेंच लोक या सेकंदाला 'कोदाली' म्हणतात, लॅटिनमधल्या शेपूट या शब्दावरून. पाचाच्या आत संपली तर आखूड, दहाच्या पुढे चांगली, पंधरा-वीस सेकंद तीच चव बदलत राहिली तर मोठी वाईन. मागे नुसता कडवटपणा किंवा जळजळ राहिली तर ते सेकंद मोजू नका.

निकाल

ओतल्याबरोबर, पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि तासाने, चारदा लिहा. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत प्रचलित आहे, पण पहिल्या वीस-तीस बाटल्यांना गुण देऊ नका, शब्द लिहा. चार गोष्टींवर बोट ठेवा: तोल, लांबी, तीव्रता, गुंतागुंत. तोल म्हणजे फळ, आंबट, तुरट आणि अल्कोहोल यांतलं कुणीही एकटं ओरडत नाही. जुन्या वाईनमध्ये तीव्रता कमी आणि गुंतागुंत जास्त असणं साहजिक आहे. १९९६ पर्यंतच्या बऱ्याच बोर्दो १२-१२.५ टक्के अल्कोहोलच्या आहेत. आजच्या १४ टक्क्यांच्या वाईनची सवय असेल तर त्या सुरुवातीला पातळ वाटतील. त्यांना 'पाणचट' लिहिण्याआधी लांबी मोजा.

मग टप्पा ठरवा. अर्ध्या तासानंतर वाईन उमलत गेली, फळ अजून पुढे आलं, तर तिला आणखी वर्षं आहेत. तिन्ही थर एकत्र सापडत असतील तर ती ऐन भरात आहे. वीस मिनिटांत वास विरला आणि आंबटपणा वर आला तर ती उतरते आहे. त्याच पेटीतल्या उरलेल्या बाटल्या लवकर उघडा.

सोबत साधा पाव आणि पाणी पुरे. जेवण असेल तर कमी मसाल्याचं भाजलेलं मटण ठेवा. तांबड्या रश्श्याच्या तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जळजळीत लागतात. तो बेत दुसऱ्या दिवशी करा. उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. त्या वेळी पुन्हा एक ओळ लिहा: रात्रभरानंतरही जिच्यात फळ टिकून आहे, तिच्या बहिणी आणखी पाच-सात वर्षं ठेवायला हरकत नाही.